तुटक रेषेवरचं घर

आमचं घर तुटक रेषेवर आहे. कुणी पत्ता विचारला तर मी कल्याण पश्चिम, खडकपाड्याच्या पुढे, असं सांगतो, पण ते कुरियरवाल्यासाठी. खरा पत्ता वर्तमानपत्रातल्या नकाशात सापडतो. त्या नकाशात जे आहे ते सलग रेषेनं दाखवतात आणि जे व्हायचंय ते तुटक रेषेनं. मुंबई महानगर प्रदेशाचा कुठलाही नकाशा उघडा. सलग रेषा मोजक्या, त्यातल्या ठसठशीत त्या साहेबाच्या काळातल्या, आणि तुटक रेषांचं मात्र जाळं. कुणी तरी अख्ख्या प्रदेशाला कच्चा धावदोरा घालून ठेवलाय आणि पक्की शिवण मारायच्या आत शिंपी गावी निघून गेलाय, असं वाटतं.

आम्ही या धावदोऱ्यावर कधी अडकलो ती तारीख मला पाठ आहे. १८ डिसेंबर २०१८. त्या दिवशी पंतप्रधान कल्याणात आले आणि ठाणे–भिवंडी–कल्याण या मेट्रो मार्ग ५ ची पायाभरणी झाली. जवळजवळ २५ किलोमीटर, १७ स्थानकं. कापूरबावडी, बाळकूम, कशेळी, काल्हेर करत अंजूरफाटा, भिवंडी, मग राजनोली, कोनगाव, दुर्गाडी आणि कल्याण. आमची मुलगी तेव्हा तिसरीत होती. आम्ही स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एका जुन्या इमारतीत भाड्यानं राहत होतो आणि स्वतःला दुर्दैवी समजत होतो. त्याच आठवड्यात फोन आला. "सर, मेट्रो टच प्रॉपर्टी आहे. एकदा बघून घ्या. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

एजंट आम्हाला न्यायला स्टेशनबाहेर गाडी घेऊन आला. रविवार, सकाळचे पावणेसात. इतक्या लवकर का, ही शंका आपल्याला तेव्हाच आली होती, असं बायको आता म्हणते. "घड्याळ लावा सर," तो म्हणाला. मी लावलं. रस्त्यावर एक दूधवाला, दोन कुत्री आणि पळायला निघालेले एक गृहस्थ, एवढीच वाहतूक. साइटवर पोचलो तेव्हा बरोबर सात मिनिटं झाली होती. त्यात खोटं काहीही नव्हतं. त्या माणसाला मी आजही खोटारडा म्हणत नाही. ती सात मिनिटं खरी होती. फक्त ती आठवड्यातून एकदाच येतात.

सॅम्पल फ्लॅट पाहून मुलगी हरखली. तिचे पाय पहिल्यांदाच सोफ्यावर बसून जमिनीला टेकले होते. सगळं फर्निचर तिच्याच मापाचं होतं. आतल्या खोल्यांना दारं नव्हती, ती म्हणे "नंतर बसतात." हॉलच्या भिंतीवर नकाशा होता. त्यात आमची इमारत ठाण्याच्या खाडीपेक्षा मोठी होती, आणि तिच्या पायथ्यापासून निघालेली तुटक रेषा एक डौलदार वळण घेऊन थेट बीकेसीला जाऊन भिडत होती. खाली कोपऱ्यात, विम्याच्या अटी ज्या आकारात छापतात त्या आकारात, लिहिलं होतं : नकाशा प्रमाणानुसार नाही.

"मेट्रो आली की ठाणे पंचवीस मिनिटं, मॅडम."

"आणि येईपर्यंत?" बायकोनं विचारलं.

"येईपर्यंत रेट वाढतोच आहे ना!"

प्रश्न वेळेचा होता, उत्तर पैशांचं आलं, आणि आम्हा दोघांनाही ते समाधानकारक वाटलं. महानगरात घर घेताना बुद्धीला जे काही होतं त्याचं यापेक्षा नेमकं वर्णन माझ्याकडे नाही. त्यातून आमची रेषा मूळ रेषाही नव्हती. मूळ मार्ग दुर्गाडीवरून स्टेशनकडे वळतो. पुढे खडकपाड्यावरून उल्हासनगरकडे नेण्याची जी घोषणा झाली, ती आमची. म्हणजे प्रस्तावित मेट्रोचा प्रस्तावित विस्तार. तुटक रेषेला फुटलेली आणखी तुटक फांदी. तिच्यावर आम्ही वीस वर्षांच्या हप्त्यांचं घरटं बांधलं.

राहायला आल्यावर पहिल्या सोमवारी संध्याकाळी मी स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो. रांगेचं शेपूट स्कायवॉकच्या जिन्याखाली, तिथून पुढं फळवाल्याच्या गाडीला वळसा. पंचवीस मिनिटांनी माझा नंबर आला तेव्हा मागच्या तिन्ही सीटा भरल्या होत्या. "पुढे बसणार का?" चालक म्हणाला. चौथी सीट ही कुठल्याही नियमात नसलेली आणि प्रत्येक रिक्षात असलेली जागा आहे. तिथं अर्ध्या बुडावर बसायचं, दुसरं अर्धं रस्त्याच्या ताब्यात द्यायचं. एक हात चालकाच्या पाठीमागच्या दांडीला, एक गुडघा बाहेर, डबा मांडीत. त्यानं हँडल आपल्या बाजूला वळवलं की त्याचं कोपर आपल्या तिसऱ्या बरगडीत शिरतं. पहिल्याच दिवशी मला कळलं की रिक्षा तो चालवत असला तरी ब्रेक आम्ही दोघांनी मिळून मारायचा आहे. खडकपाड्याला उतरलो तेव्हा घड्याळात स्टेशनपासून बावन्न मिनिटं झाली होती. त्या आधी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कल्याणला जे ५४ किलोमीटर आलो, त्यांना जलद गाडीनं तासाच्या थोडा वर वेळ घेतला होता. गाडीतले ५४ किलोमीटर आणि रिक्षातले तीन, दोन्हींना जवळजवळ सारखंच आयुष्य लागलं.

तेव्हापासून मी अंतर किलोमीटरमध्ये सांगणं सोडलं. आमच्या इमारतीत कुणीच सांगत नाही. "दोन रिक्षा सोडल्या तर चाळीस मिनिटं," "पाऊस नसला तर," "शाळेला सुट्टी असली तर," अशी मोजमापं चालतात. भूगोल या विषयात शर्ती इतक्या असतात हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत. भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले, उभं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेलं. त्यांनीही तोच नकाशा पाहून घर घेतलं, आणि त्याची शिक्षा म्हणून ते रोज सकाळी कात्री घेऊन तीन वर्तमानपत्रं वाचतात. मेट्रोच्या बातम्यांच्या त्यांनी वेगवेगळ्या फायली केल्या आहेत. बाहेर सुवाच्य अक्षरात नावं : 'मुहूर्त', 'नवा मुहूर्त', 'अखेर मुहूर्त', 'श्रेयवाद', 'दिलासा'. 'लोकार्पण' नावाचीही एक आहे. ती आमच्या मार्गापुरती रिकामी आहे, पण त्यांनी तिला प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलंय.

या बातम्यांची मराठी वेगळी आहे आणि काकांनी ती मला बाराखडीपासून शिकवली. "कामाला गती" असं छापून आलं की समजायचं, काम आजवर बंद होतं. "मार्ग मोकळा" याचा अर्थ कागदावरचा. ज्या रस्त्यावरून आपण ही बातमी वाचत जातो तो तिथंच असतो, तुंबलेला. "अडथळा दूर" म्हणजे अनेकांपैकी एक. "युद्धपातळीवर" म्हणजे दोन जेसीबी. "डिसेंबरअखेर" हा शब्द आला की वर्ष शोधायचं नाही, ते लिहिण्याची पद्धत नाही. आणि "हिरवा कंदील". "माझ्याकडे या एका मार्गाचे डझनभर हिरवे कंदील आहेत," काका म्हणतात. "गाडी एकही नाही. दिवाळीत टांगावेत म्हणतो."

पण काका नुसते खवट नाहीत, हिशेबी आहेत. एकदा त्यांनी मला एक टाचण वाचून दाखवलं. मुंबईच्या रेल्वेची पहिली कुदळ ३१ ऑक्टोबर १८५० ला पडली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून १४ डबे आणि चारशेएक पाहुणे घेऊन गाडी ठाण्याला निघाली. ३४ किलोमीटर, अडीच वर्षांत. आणि १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचलीसुद्धा. म्हणजे ठाण्याची गाडी सुरू झाल्यावर साडेबारा महिन्यांत, वाटेतल्या खाडीवर पूल टाकून. "आणि आपली मेट्रो," काका चष्मा पुसत म्हणाले, "त्याच ठाण्याहून त्याच कल्याणला येतेय."

मी साहेबाची बाजू घ्यायला तयार नाही. तेव्हा जमीन घेताना कुणाला विचारावं लागत नव्हतं, कामावर मेलेल्या मजुरांची कुणी मोर्चा काढून आठवण करून देत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे खोदायला लागलं की खालून कुठल्या काळातली जलवाहिनी, कुठल्या खात्याची केबल आणि कुठल्या सोसायटीची ड्रेनेज लाइन निघेल ही भीती नव्हती. मी हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि 'दिलासा' फायलीत टिपून ठेवलं.

फायलींमधली त्यांची सगळ्यात लाडकी कात्रणं आपल्या कल्याणच्या पत्रीपुलाची. १०४ वर्षांचा म्हातारा पूल, धोकादायक ठरला, २०१८ च्या नोव्हेंबरात उतरवला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात कल्याण-डोंबिवलीच्या लोकांनी त्या कोंडीत जे आयुष्य काढलं त्यातून काही लग्नं जमली असतील आणि काही मोडली असतील. पण फ्रेम करून भिंतीवर लावलंय ते वेगळंच कात्रण. अंधेरीचा गोखले पूल. तो पाडून नव्यानं बांधला, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू खुली केली, आणि लोकांनी बघितलं तर नवा पूल शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला भेटायच्या ऐवजी त्याच्या डोक्यावरून, दीडेक मीटर उंचावरून बघतोय. कारण अगदी सयुक्तिक होतं : रेल्वेवरच्या पुलांची किमान उंची वाढली होती, त्यामुळे नवा पूल उंच झाला, जुना बिचारा होता तिथंच राहिला. पुढे जॅक लावून त्याला वर उचलून नव्याशी जोडलं. काका जमीनमोजणीचे, त्यांना हे चित्र म्हणजे प्रार्थनेसारखं आहे. सासर-माहेरचं एखादं जुनं भांडण निघालं की ते त्या फ्रेमकडे बोट दाखवतात. "दोघांचंही बरोबर आहे. फक्त उंची जुळत नाही."

एकदा रात्री वीज गेली होती तेव्हा काकांनी आणखी एक गणित मांडलं. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरवर चौदा ते सोळा माणसं उभी असतात, आणि या स्थितीला रेल्वेच्या इंग्रजीत एक लांबलचक, भारदस्त नाव आहे; माणूस चेंगरला तरी शब्दाला सुरकुती पडू नये असं. काकांनी सरासरी पंधरा धरली. आमच्या घराचं कार्पेट ४५० चौरस फूट, म्हणजे जवळपास ४२ चौरस मीटर. "लोकलच्या हिशेबानं," ते मेणबत्तीच्या उजेडात म्हणाले, "तुमच्या घरात सहाशे सत्तावीस माणसं राहू शकतात." बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. गेल्या दिवाळीत तिच्या माहेरची नऊ माणसं आली होती आणि मी घर लहान असल्याचं दोनदा बोललो होतो. ती काही म्हणाली नाही. नुसती बघून परत गेली.

या कार्पेटची, म्हणजे चटईची, मजा अशी की जमिनीच्या बातम्यांतही तीच असते. सरकारी मराठीत बिल्डरला मिळतो तो 'चटई क्षेत्र निर्देशांक'. किती सोज्वळ शब्द आहे बघा. चटई म्हटली की डोळ्यांसमोर सतरंजीपेक्षाही गरीब असं काहीतरी येतं, तिच्यावर बसून वरणभात खाणारा कुणी तरी. प्रत्यक्षात ही चटई एकावर एक तीस-चाळीस वेळा अंथरतात आणि सगळ्यात वरच्या चटईला पेंटहाउस म्हणतात. आमच्या वाट्याला चटई आली ती शेवटी हॉलमध्ये, पाहुणे झोपायला.

मेट्रोमुळे जमिनीचं काय होतं हेही मला काकांमुळे कळलं. एकच मेट्रो चार वेळा विकता येते. पायाभरणी झाली की एकदा, खांब उभे राहिले की दुसऱ्यांदा, चाचणीची गाडी धावली की तिसऱ्यांदा आणि खरंच सुरू झाली की चौथ्यांदा. पहिल्या तीन वेळा ती बिल्डर विकतो. चौथ्या वेळी रिक्षावाला भाडं वाढवतो. सरकारही मागे नाही : १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, नागपूर या पट्ट्यांत घरखरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार लागू आहे. काकांच्या भाच्यानं त्यानंतर घर घेतलं. मेट्रो त्याच्या दारात यायची आहे, पण तिचा अधिभार वेळेवर आला. एका मिनिटाचाही उशीर नाही, मेगाब्लॉक नाही.

आणि जिथं मेट्रो, रेल्वे, रस्ता काहीच सरकत नाही तिथं निदान गावाचं नाव सरकवता येतं. लोअर परळ हे उभं उदाहरण. गिरण्या होत्या, १९८२ चा संप झाला, भोंगे बंद पडले, चिमण्या राहिल्या आणि त्यांच्या शेजारी काचेचे टॉवर आले. त्या टॉवरांत घर घेणाऱ्याला 'लोअर' शब्द कसा पचावा? म्हणून एजंट मंडळींनी त्या भागाचं 'अप्पर वरळी' केलं. वीट हलली नाही, रूळ हलला नाही, खालचं वर झालं. तिथल्या खोल्या सोडून बदलापूरला राहायला गेलेल्या गिरणगावकरांपैकी एक जण आमच्या डब्यात असतो. तो म्हणतो, "आम्ही परळात होतो तेव्हा लोअर, आता अप्पर झालं तर आम्ही कुठे?" त्याला खिडकीची जागा सहसा देतात.

आमच्या भागाचंही बारसं कधी तरी होईल. 'अप्पर कल्याण', नाही तर 'खाडीफेसिंग भिवंडी हाइट्स'. पण त्याआधी आमच्याच घरात निर्णय झाला. मुलगी यंदा दहावीत. अकरावीला ठाण्याचं कॉलेज मिळालं तर रोज ती रांग, ती रिक्षा, ती चौथी सीट. बायकोनं एका रविवारी टेबलावर चहा ठेवला आणि सांगितलं, "अहो, मला सलग रेषेवर राहायचंय." स्टेशनजवळची, चालत पाच मिनिटांवरची, जुनी, लिफ्ट नसलेली इमारत तिनं हेरूनही ठेवली होती. आम्ही जिथून निघालो तिच्याच शेजारची. फक्त आता तिथला रेट आमच्या इथल्यापेक्षा बराच वर गेला होता, कारण ती म्हणे स्टेशनला टच होती.

तेव्हा हे घर विकणं आलं. जाहिरातीचा मजकूर लिहायला मी बसलो. बारावीपर्यंत मराठीत पहिला येत होतो, म्हटलं यात काय आहे. आधी लिहिलं, 'स्टेशनपासून रिक्षानं'. खोडलं. 'स्टेशनपासून तीन किलोमीटर'. किलोमीटर बघून माणूस यायचा नाही. मग दोनदा खोलीत येरझारा घातल्या आणि लिहिलं : 'स्टेशन सात मिनिटं. प्रस्तावित मेट्रो लगत.' बायकोनं वाचलं, ओठ आवळले आणि 'लगत' खोडून 'टच' केलं.

दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थाचा फोन आला. आवाज बरा होता, माझ्याच वयाचा. घर कधी बघायला येऊ, असं त्यांनी विचारलं. "रविवारी या ना," मी म्हणालो. "सकाळी लवकर, सातच्या आत. मी स्वतः स्टेशनला गाडी घेऊन येतो, तुम्हाला त्रास नको." दाराच्या चौकटीत उभे असलेले काका माझ्याकडे बघत होते. मी पाठ फिरवली.

"रविवार नको," पलीकडून उत्तर आलं. "मंगळवारी येतो. संध्याकाळी साडेसातची गाडी पकडून. आणि गाडी नका आणू, मी शेअर रिक्षानं येईन. मी डोंबिवली एमआयडीसीत असतो. आमच्याकडे कल्याण–तळोजा मेट्रो आहे."

'आहे' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं कुणी 'आमच्याकडे आजी आहे' म्हणावं.

मंगळवारी ते आले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. शर्ट उजवीकडून चुरगळलेला, एक हात बरगडीवर. बायकोनं पाणी दिलं. किती वेळ लागला हे विचारायची माझी हिंमत नव्हती, तिनं विचारलं.

"एकोणपन्नास मिनिटं," ते म्हणाले. "पण त्यात दोन रिक्षा मी स्वतःच सोडल्या. मागची सीट हवी होती. शेवटी पुढेच बसलो."

त्यांनी खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले, संडासाची कडी लावून पाहिली. काका 'मुहूर्त'ची फाइल काखेत धरून उंबऱ्यात आले होते, त्यांना नमस्कार केला. मग हॉलच्या खिडकीपाशी जाऊन थोडा वेळ बाहेर बघत राहिले. समोर अंधार, एक अर्धवट इमारत, तिच्यावर क्रेन, क्रेनवर लाल दिवा.

"रेट काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. मी सांगितला. त्यांनी मान डोलावली, आणि उजवं बोट वर करून काचेवर मेट्रो कुठून कशी जाईल ते काढून बघायला लागले. बोट थोडं टेकवायचे, उचलायचे, पुढे नेऊन पुन्हा टेकवायचे.